ट्रॅक्टर थांबला की चिकू खोकतो

ट्रॅक्टर कामाला लागला की चिकूचा खोकला थांबायचा. ट्रॅक्टर विसाव्याला आला की पुन्हा सुरू. असं का?

हळद काढणीच्या दिवसांत, वसमतजवळच्या एका शिवारात, नऊ वर्षांची गोदा या कोड्यानं हैराण झाली होती. चिकू तिचा सात महिन्यांचा भाऊ. त्याची झोळी बांधावरच्या कडुलिंबाला टांगलेली. त्यांची आई शालन बाकीच्या बायांसोबत हळद वेचायची. उत्तममामा ट्रॅक्टरनं एक पट्टा उकरायचा आणि बायांचं वेचून होईपर्यंत ट्रॅक्टर त्याच कडुलिंबाच्या सावलीत आणून उभा करायचा. चालूच.

"धूळ हाय धूळ, दुसरं काय," बाया म्हणायच्या. डॉक्टरनं औषध लिहून दिलं आणि तो मोकळा झाला. शेवटी आईनं ठरवलं, शुक्रवारी जिंतूरची मावशी येईल आणि काढणी संपेपर्यंत चिकूला घेऊन जाईल. त्याच्या कपड्यांची पिशवी भरून खुंटीला लागली. गोदा येता-जाता त्या पिशवीकडं बघायची.

त्या आठवड्यात शिवारात टिटवी आली होती. टिटवी म्हणजे माती तपासणारा यंत्रमानव. काड्यांसारखे लांब पाय, म्हणून हे नाव. मातीतली ओल मोजायची आणि हवाही हुंगायची.

"टिटवी, धुळीनं खोकला येतो का गं?" गोदानं विचारलं.

"येतो. धूळ कधी उडते?"

"ट्रॅक्टर उकरतो तेव्हा."

"आणि चिकू कधी खोकतो?"

गोदा सावकाश म्हणाली, "ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा."

"मग धुळीवर आळ कशाला घेतेस? त्या फांदीची पानं पूस बघू."

ट्रॅक्टर उभा राहायचा त्या बाजूची पानं गोदानं ओल्या फडक्यानं पुसली. फडकं काळं झालं. पलीकडच्या फांदीची पुसली. तिथं नुसती पिवळी धूळ.

"तुझ्या घरची चूल धूर कधी करते?" टिटवीनं विचारलं.

"मंद असली की. भडकली की धूर कमी."

"इंजिन म्हणजे लोखंडाच्या पोटातली चूल. ओझं ओढताना ती चांगली तापते, डिझेल बरंचसं जळून जातं. जो काही धूर होतो तो मोकळ्या रानात उडून जातो. नुसतं उभं राहून घुरघुरताना तीच चूल मंदावते. डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी (न जळलेल्या कार्बनचे, पिठाहून बारीक कण) बाहेर पडते. ट्रॅक्टर जागचा हलत नाही. मग काजळी कुठं जाणार?"

गोदानं झोळीकडं पाहिलं.

नव्या ट्रॅक्टरांना चालकासाठी गार हवेची काचेची खोली असते. चांगलंच आहे. पण सावलीतल्या झोळीचा विचार कुण्या बनवणाऱ्यानं केला? कशाला करतील, त्यांची बाळं झोळीत झोपत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत गोदा उत्तममामासमोर फडकं घेऊन उभी राहिली. "मामा, उभा असला की बंद करा हा."

"बंद-चालू करण्यात डिझेल जास्त जातं, पोरी."

"खोटं आहे," टिटवी म्हणाली. यंत्राला भीड नसते. "चालू करायला जेवढं लागतं, तेवढं तर हे इंजिन अर्ध्या मिनिटात उभ्या उभ्या पिऊन टाकतं."

"अन् टर्बोचं काय? तापलेलं इंजिन गपकन बंद केलं की टर्बो जातो. वस्तादानं शिकवलंय मला."

"वस्तादांचं बरोबर आहे."

मामानं बायांकडं बघून मिशीवर हात फिरवला.

"टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) फार जोरात फिरतो आणि तापतो," टिटवी सांगू लागली. "त्याच्या दांड्याला वाहतं तेल गार ठेवतं. इंजिन एकदम बंद केलं की तेल जागच्या जागी थांबतं आणि करपतं. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं मंद चालू द्यायचं. पण तुम्ही पाऊण तास चालू ठेवता. चमचाभर औषध सांगितलं म्हणून कुणी अख्खी बाटली पितं का?"

बाया हसल्या. मामाचा हात मिशीवरून खाली आला.

"बॅटरी म्हातारी झालीय," तो हळू आवाजात म्हणाला. "बंद केल्यावर उठलाच न्हाई, तर मालक मलाच उठवील कामावरून."

"मग बांधाच्या उतारावर लावा," गोदा म्हणाली. "चाकाला दगड लावा. न्हाई उठला तर उतारावर सोडून चालू करा. ढकलायला आम्ही हाव की."

"अन् चिकूचं काय?" आता शालन बोलली. "त्या आवाजाबिगर त्याला झोप लागत न्हाई. उठला तर माझी सरी कोण येचील?"

"उद्या एकदा बंद करून तर बघू," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामानं रानाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर थोडा वेळ मंद चालू दिला, मग सावकाश आणून उतारावर लावला आणि चावी फिरवली. सगळीकडं शांत झालं. आणि चिकू टाहो फोडून जागा झाला. शालननं विळा टाकला. मामाचा हात परत चावीकडं गेला.

"थांबा," टिटवी म्हणाली. "त्याला इंजिन नको आहे, एकसारखा आवाज हवा आहे. आईच्या पोटातही त्याला असाच आवाज ऐकू यायचा."

गोदानं झोळीची दोरी धरली आणि ओठ मिटून सुरू केलं, "घुंऽऽऽ डुग डुग डुग, घुंऽऽऽ."

"आयला," मामा म्हणाला, "बिनडिझेलचा ट्रॅक्टर."

चिकूनं दोन हुंदके दिले आणि डोळे मिटले. शालन सरीवर परत गेली. मामानं चावी काढून खिशात टाकली.

विजेवरचे ट्रॅक्टर गावोगाव येतील. मग उभ्या उभ्या जळणं हा प्रकारच उरायचा नाही. पण तोवर चिकूनं श्वास धरून ठेवायचा का? चावी तर आजही फिरते.

शुक्रवार उजाडला. टिटवी पुढच्या गावाला गेली होती. खोकला पार गेला नव्हता, पण पुष्कळ कमी झाला होता. दुपारी मावशी बांधावर आली आणि तिथूनच ओरडली, "लेकरू खोकायलंय म्हणता अन् ट्रॅक्टर तसाच चालू ठिवलाय. आधी बंद करा तो."

भाकरी खात बसलेल्या उत्तममामानं खिशातून चावी काढून वाजवून दाखवली. झोळीमागून गोदानं तोंड बाहेर काढलं. ओठ मिटलेले, घुरघुर चालूच.

संध्याकाळी मावशी एकटीच परत निघाली. खुंटीवरची पिशवी तिच्याच हातात होती, पण चिकूचे कपडे काढून शालननं त्यात ओली हळद भरून दिली होती.