पुढचा काटा

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मधी कोणी बोलायचं नाय.

ही ऐकीव गोष्ट नाय. माझ्या सख्ख्या चुलत भावाची हाय. सूर्यभान दादाची. गारखेड्यात, त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधी झालेली. मागच्या मे महिन्यात.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती. पावणेतीन.

दादा वाळूजला फायबरच्या कंपनीत. टाक्या, टप, असलं बनवायचं. हातात कला लई. दोन वर्षांपासून त्याच्या डोक्यात एकच किडा... कॅनू. म्हणजे निमुळती, दोन माणसांची नाव. पण हलकी पाहिजे. एवढी हलकी की एकट्यानं खांद्यावर टाकायची अन् पाण्यापर्यंत चालत जायचं.

कंपनीतला बन्सी त्याला डिवचायचा, "धनगराचं पोरगं तू. मेंढरं पोहायला नेतो का?"

"तुझ्या सासऱ्याला फिरवतो," दादा म्हणायचा, आणि पट्टी घासत राहायचा.

पट्ट्या पाइनच्या. मशिनी ज्या खोक्यांत येतात ना, त्या फळ्या चिरून काढलेल्या, बोटभर रुंद. लाकडाचे साचे उभे करायचे अन् त्यांच्यावरून एकाला एक पट्टी चिकटवत जायचं. वर फायबरचं कापड, त्याच्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं पातळ रसायन. पहाटे पाचला उठून करायचा, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली रेझिन मगातच गोठतं, धूर निघतो. पांढरंफेक कापड रेझिन पिलं की काचेसारखं होतं. खालचं लाकूड मधासारखं चमकायला लागलं.

आता राहिलं आतून घासायचं. त्यासाठी साच्यावरची पालथी नाव काढून सुलटी ठेवायला पाहिजे. पण ठेवायची कशावर?

दादानं फोनमधी बघितलं. बाहेरदेशात लोक कापडाच्या दोन झोळ्यांत लटकवतात.

तेव्हा दादाची माय, म्हाळसाबाई, दौलताबादला लग्नाला गेलती. वहिनीनं मायच्या पेटीच्या तळातून एक हिरवं लुगडं काढलं. जुनं, पण दणकट. टर्रकन दोन केलं. शेडच्या पाइपाला एक झोळी पुढं, एक मागं. अन् दोन्हीच्या वर दादानं भंगारवाल्याकडं असतो तसला लटकता काटा अडकवला. वजनाचं येडच होतं त्याला.

मागचा काटा दहा. पुढचा नऊ.

एकोणीस किलो. दादा येड्यासारखा हसत सुटला.

दोन दिवस त्यानं आतून घासली. घासताना नाव हलायची. पुढं-मागं, पुढं-मागं... दिवसभर.

तिसऱ्या दिवशी माय परत आली. शेडच्या दारात थांबली. पिशवी हातातच.

"हे लुगडं कुठून काढलं?"

"पेटीतून. जुनंच होतं ना, माय?"

मायनं पिशवी खाली ठेवली, लुगड्याचा काठ चाचपला. मग हळूच म्हणली, "रिकामी झोळी हलवू नाय सूर्या."

"झोळी कुठं, नाव हाय ती."

"हलवली का?"

"दोन दिवस हलतीच हाय. घासायचं कसं मग?"

मायनं दोन्ही हातांनी झोळी घट्ट धरली.

त्याच दुपारी. लाइट गेलेली. पंखे बंद. झाडाचं पान हलत नव्हतं. दादा ओसरीत आडवा पडला होता.

शेडमधून आवाज आला.

करर्... करर्...

पाइपावर दोर घासल्यासारखा. एका लयीत.

दादाला वाटलं मांजर. उठून गेला. नाव हलत होती. एकटीच. त्यानं हात लावून थांबवली.

आत डोकावला. घासलेल्या लाकडाची पांढरी भुकटी तळाला बसलेली, सगळीकडं सारखी. फक्त पुढच्या टोकाला... हातभर जागा पुसलेली. गोलसर. कोणी अंग चोरून निजल्यासारखी.

दोन महिने त्या शेडमधी रेझिनशिवाय दुसरा वास नव्हता. नाक जळायचं. त्या दिवशी दादाला वास आला दुधाचा. लेकराच्या तोंडाला येतो ना, तसला.

त्यानं वर बघितलं.

मागचा काटा दहा.

पुढचा अकरा.

काटा बिघडला म्हणून त्यानं अदलाबदल केली. मागचा पुढं, पुढचा मागं. तरी मागं दहा, पुढं अकरा. नाव उतरवून खांद्यावर घेतली अन् घरातल्या वजनकाट्यावर उभा राहिला. स्वतःचं वजन वजा केलं...

एकोणीस.

परत झोळीत ठेवली. एकवीस.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणली, "ऊन लागलंय तुम्हाला. कांदा ठेवा खिशात."

पण चार दिवसांनी वहिनीच बोलवायला आली. सासूला ती मामी म्हणते. "अहो, जरा बघा. मामी काय करायल्यात."

माय नावेच्या बाजूला बसली होती. पुढच्या झोळीला तिनं सुतळी बांधलेली. ती ओढत होती. पाळण्याची ओढतात तशी. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"माय?"

"हळू बोल. आत्ता झोपली."

त्यानं तडक सारजा आत्याला फोन लावला. त्याच्या बापाची बहीण ती. सगळं ऐकून आत्यानं एकच विचारलं.

"हिरवं लुगडं काय रे?"

"व्हय."

मग आत्यानं सांगितलं. दादाच्या आधी मायला एक पोरगी झालती. आवडा. आठ महिन्यांची. तेव्हा मेंढरं घेऊन सगळे पैठणकडं गेलते, धरणाच्या पाण्याच्या कडंला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरलेला. दुपारी मायनं बाभळीला त्या लुगड्याची झोळी बांधली, पोरीला निजवलं, दोन झोके दिले अन् घागर घेऊन पाण्याला गेली. जाऊन येईस्तोवर कितीसा वेळ...

आली तेव्हा झोळी हलत होती.

आत कोणी नव्हतं.

लांडग्यानं नेली म्हणले. पण रगत नाय, पायाचा माग नाय. आठ दिवस शोधली. मायनं लुगडं धुतलं, घडी घातली, पेटीत ठेवलं. त्यानंतर घरात कोणी आवडाचं नाव काढलं नाय. दादाला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं की त्याला बहीण होती.

त्या आठवड्यात मायच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दादानं दवाखान्यात नेली. दिवाळीत बावन्न किलो भरलेली माय सेहेचाळीस भरली. रगत, लघवी, फोटो... सगळं तपासलं. सगळं नीट. डॉक्टर म्हणले, "आजींना जेवू घाला."

आता जेवत तर होती ती. दोन भाकरी खायची.

घरी आल्यावर दादा शेडमधी गेला. बघायचं नव्हतं त्याला. तरी बघितलं.

पुढचा काटा पंधरा.

सहा तिकडून गेले. सहा इकडं आले.

त्यानं तिथल्या तिथं नाव खाली काढली. गादीवर ठेवली. घरातून मायचा आवाज आला, "खाली काऊन ठेवली रे तिला? रडायली." अन् मग तिला धाप लागली. ओठ निळे. वहिनी ओरडायली. दादानं दोन मिनिटं कळ काढली... मग पळत जाऊन नाव परत टांगली. सुतळी ओढली.

मायचा श्वास परत लागला.

मग त्यानं ठरवलं, हिला पाण्यातच सोडायची. जिथून गेली तिथं.

बन्सीचा टेम्पो घेतला, नाव त्याच झोळ्यांत टेम्पोच्या पाइपांना टांगून वाटभर हलती ठेवली. माय झोपलेली असताना, सकाळीच. पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याच्या कडंला. अकरा वाजलेले. टेम्पोतून पाण्यापर्यंत नाव दादानं एकट्यानं खांद्यावर नेली. पिसासारखी. हे तर त्याचं स्वप्न होतं ना. असंच चालत जायचं होतं त्याला.

पाण्यावर ठेवली.

रिकामी नाव. मागचं टोक वर उचललं गेलं. पुढचं चार बोटं खाली दबलं.

बन्सी हसत म्हणला, "पुढं कोण बसलंय रे?"

म्हणला... अन् नावेकडं नीट बघितलं. टेम्पोकडं मागं मागं सरकत गेला.

दादानं डोळे मिटून नाव ढकलली. गेली. पाणी आरशासारखं, लाट नाय, वारा नाय. अन् नाव जाताना हलत होती. पुढं-मागं, पुढं-मागं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"अहो, मामी उठून बसल्या. म्हणायल्या, सोडली का त्यानं तिला? अन् आता... अहो, हलत नायत हो त्या. डोळे उघडेच."

दादाला पोहता येत नाय. नाव बनवणाऱ्याला पोहता येत नाय, यावर आम्ही किती हसलो होतो. फोन कडंलाच टाकून तो कपड्यांसकट घुसला. छातीपर्यंत पाणी, मग गळ्यापर्यंत. पाय टेकेनात. हात पुढं केला...

नाव तिथंच थांबलेली. त्याची वाट बघत असल्यासारखी. टोक त्याच्या हाताकडं वळलेलं.

ती धरून तो कडंला आला. फोन चालूच होता. वहिनी रडत म्हणत होती, "घेतला, श्वास घेतला मामींनी."

नाव परत शेडमधी आली. अजून तिथंच हाय. त्याच लुगड्यात. दादानं नोकरी सोडली. माय शेडमधीच खाटेवर असते आता, अडतीस किलो. पुढच्या काट्यावर किती, ते तुम्हीच जोडा. झोळी थांबली की तिचा श्वास अडकतो, म्हणून दिवसरात्र कोणीतरी सुतळी ओढायची. दादा, वहिनी, कधी सारजा आत्या.

मागच्या रविवारी मी गेलतो. दादाचे डोळे खोल गेलेले. म्हणला, "दोन मिनिटं धर. पाणी पिऊन येतो."

मी धरली.

एक झोका दिला. सुतळी सैल सोडली, परत ओढणार...

त्याच्या आधी ती तिकडून ओढली गेली.

हळूच. लहान लेकरू बोट धरून ओढतं ना, तेवढ्याच जोरानं.

मला ओरडायचं होतं. सुतळी टाकून पळायचं होतं. पण समोर खाटेवर म्हाळसामाय होती, तिची छाती वर-खाली, वर-खाली... त्याच लयीत.

मी सोडली नाय. दादाचं पाणी पिणं दोन मिनिटांचं नव्हतं, भो. तो तिकडं ओट्यालाच टेकून झोपला होता.

पाच तास मी ती धरून होतो.

आज परत रविवार हाय. सकाळपासून दादाचे चार फोन येऊन गेले. मी उचलले नायत.