मांडवात म्हटलेली ओवी

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्यावर गुदरली ती माझी आई, गोजरबाई, गेल्या महिन्यात गेली. ती असेपर्यंत लिहायला मनाई होती.

साल १९४४. निजामाच्या मुलखातलं टेंभुर्णी. वैशाख, गोरज मुहूर्त.

गोजरच्या आजीनं, दुर्गाबाईनं, नातीसाठी एक ओवी जुळवली होती. लग्नात, सगळ्यांसमोर म्हणणार होती. तोवर कुणालाच ऐकवायची नाही. गोजरलाही नाही.

लग्नाच्या सकाळी गोजर तिला उठवायला गेली.

आजी गार पडली होती...

मयत जाहीर केलं तर सुतक. सुतकात लग्न लागत नाही. एक सोयरीक आधीच मोडलेली. ही मोडली तर पोरीला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि वऱ्हाड जाफराबादहून निघालेलं.

गोजरच्या वडिलांनी, कारभारींनी, आतून कडी घातली. लेकीकडं पाहत राहिले.

गोजरनं मान हलवली.

हळदीच्या हातांनी तिनंच आजीच्या तोंडावर वाकळ ओढली.

म्हातारीला ताप आहे, असं साऱ्यांना सांगितलं.

अक्षता पडल्या. पंगत बसली. गोजरची सासू द्वारकाबाई तोंडाची मोकळी. ओवीची खबर तिच्या कानी गेलीच होती.

"का वं इहीणबाई, सासूला कोंडून घातलं का काय?" असं गोजरच्या आईला हसत म्हणत ती उठली.

कुणी अडवायच्या आत मागच्या खोलीत शिरली.

कारभारींच्या हातातली पळी तशीच राहिली. वाजंत्री थांबलेली. गोजर खाली मान घालून बसली. आता किंकाळी येईल...

काहीच आलं नाही.

बऱ्याच वेळानं द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

"तापातबी काय गळा हाय म्हातारीचा."

पंगतीतल्या बायकांनी माना डोलावल्या. ओवी सगळ्यांनी ऐकली होती.

गोजरनं नाही.

कारभारी आत जाऊन पाहून आले. वाकळ तोंडावर तशीच होती. वर हळदीची बोटं उमटलेली...

वऱ्हाड गेल्यावर मयत जाहीर झालं. "नातीच्या लग्नापुरती थांबली, पुण्यवान बाई," असं द्वारकाबाई जन्मभर सांगत राहिली. ती असं म्हणाली की गोजरला मान वर करता यायची नाही.

दळताना सासू तीच ओवी म्हणायची. गोजरला तिचे ओठ हलताना दिसायचे. जात्याची घरघर ऐकू यायची.

ओवी नाही.

द्वारकाबाई म्हणजे माझी आजी. तिच्याकडून मला ती पाठ आहे :

सासरी जाय मैना, मागं फिरून पाहू नको
झाकलं माझं तोंड, लाज मनात ठेवू नको

दुर्गाबाईनं हे कधी जुळवलं, मला कळत नाही.

शेवटच्या दिवसांत आईनं मला जवळ बसवलं. म्हणाली, तू म्हणून बघ.

मी म्हटली. चांगली मोठ्यानं. शेजारीण दारात येऊन ऐकत उभी राहिली.

आई माझ्या ओठांकडं पाहत होती...

"मंग?" ती म्हणाली. "म्हण की, बाई."