फिकं गुलाबी औषध

"वेळेवर अँटिबायोटिक देतेय, तरी चार दिवस पोरीचा कान ठणकतोय," मुलीची आई सांगत होती. "आज उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. कोणीतरी बाटलीला हात लावतंय!"

खासगी गुप्तहेर भिंगकाकूंनी फ्रिज उघडला. बाटलीवर कागदाची पट्टी होती. प्रत्येक डोसनंतर आई तिच्यावर रेघ ओढायची. औषध बरोबर शेवटच्या रेघेवर होतं.

"थेंबही कमी नाही," काकूंचे जोडीदार मास्तर म्हणाले. चोरीच नाही, तर चोर कसला? त्यांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

काकू फ्रिजच्या कप्प्यातले दोन डाग निरखत होत्या. एक गडद गुलाबी, दुसरा फिकट.

"गडद पहिल्या दिवशी सांडलं," आई म्हणाली. "फिकं आज सकाळी."

बाहेर आत्या गरम पाणी पीत बसली होती. घसा पार बसलेला.

"माझ्यावर संशय?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "काल संध्याकाळी आलेय, अजून बॅगही उघडली नाही!"

आजोबा निवृत्त रंगारी. काकूंनी पुढे केलेलं बिस्कीट त्यांनी चहात चांगलं भिजवलं आणि एकाच गालात घोळवलं.

"दात कसे आहेत?"

"लोखंडी!"

"म्हातारा ठणठणीत आहे," मास्तर पुटपुटले.

काकूंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"औषध कमी झालं नाही, फिकं झालं. म्हणजे कोणीतरी काढलं आणि तितकंच पाणी घातलं. आत्या कालच आल्या, कान चार दिवस दुखतोय. आईला पाणी घालायचं असतं, तर मला कशाला बोलावलं असतं? राहिले आजोबा. एका बाजूने चावतात, म्हणजे दाढ दुखतेय. डेंटिस्टकडे जायला घाबरता ना?"

आजोबांनी मान खाली घातली. "रोज दोनच चमचे घेतले हो. रंग कमी पडला की पाणी घालायचो, भिंत पुरी व्हायची. वाटलं, हेही पुरेल."

"भिंतीला पुरतं, जंतूंना नाही. पोरीला डोस कमी पडला आणि तुमची दाढ तशीच राहिली. एकाचं औषध दुसऱ्याने घ्यायचंच नाही." काकू आईकडे वळल्या. "ही बाटली आता देऊ नका. डॉक्टरांना सगळं खरं सांगा, नवी बाटली लिहून घ्या."

आईने लगेच फोन लावला. दुपारपर्यंत नवी बाटली आली. दवाखान्यात ठेवण्याआधी डॉक्टरांनी आणखी दोन दिवस वाट पाहायचं ठरवलं.

दोन दिवसांनी डेंटिस्टच्या बाकावर आजोबा बसले होते. शेजारी नात, कानाचा ठणका थांबलेली.

"मी औषध पिताना रडले नाही," ती दटावत म्हणाली. "तुम्ही रडलात तर आत्याला सांगेन."

आजोबांनी तिचा हात घट्ट धरला आणि ते आत गेले.