फुटाण्यांतली सुपारी

"डबा असा हलवून काही समजत नाही," दारातून कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही साऱ्याजणींनी वळून पाहिलं.

भुलाबाईच्या मूर्तीपुढची आम्हा पोरींची गाणी आटोपली होती. झाकलेला डबा खळखळवून आतला खाऊ ओळखायचा खेळ चालला होता. दारात उभा होता गोपाल... माझ्या भावाचा, दीपकदादाचा मित्र, देऊळगाव राजाला फिजिक्स शिकवणारा.

"काऊन नाही समजत?" मी विचारलं.

"हलवलं की दाण्यांत फटी पडतात. बारीक दाणा लगेच खाली घसरते, मोठ्याले तेवढी जागा भेटत नाही. मग मोठं वर वर येते..." माझ्याकडे पाहून तो अडखळला. "डबा गच्च भरला असंल तर मात्र... काहीच हलत नाही."

"बाप्पा! खाऊ खायचा का शिकवणी लावायची?" मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. तो लाजला, आणि मला तिथेच आवडला. नांदुऱ्यात आमचा धान्य चाळून द्यायचा कारखाना आहे. दाणे जन्मभर पाहिले, पण त्यांच्याविषयी इतक्या मायेनं बोलणारा माणूस पाहिला नव्हता.

वर्षभर फोनवर बोललो. आईला सांगतो, सांगतो म्हणत तो मात्र तिथल्या तिथेच! यंदा भुलाबाई बसली आणि खामगावचं स्थळ आलं. रविवारी मला पाहायला येणार होते.

"तुहा होकार तरी कळव... फोनवर नाही, हातात घेता यील असा," तो फोनवर कुजबुजला. "दीपकसंगं फुटाण्याचा डबा पाठव. हो असंल तर तळाशी सुपारी ठेव. आईले दिसू नको देऊ... तिले मी सवडीनं सांगीन."

सवडीनं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्यानं सांगितल्याप्रमाणे सुपारी अगदी तळाशी ठेवली. वर फुटाणे ओतले, पण डबा गच्च भरला नाही. चार बोटं जागा सोडली.

दादाची एसटी राजूर घाट चढून, खड्डे खात देऊळगावला पोचली. संध्याकाळी फोन आला.

"संजीवनी... घोळ झाला. डबा आईनं उघडला. सुपारी पार वर आलती!"

"मग?" मी विचारलं.

"आई म्हणे, पोरीनं सुपारी पाठोली अन् तू तोंड शिवून बसला काऊन रे? शनिवारीच जाऊ म्हणते." तो थांबला. "पण तू डबा गच्च काऊन नाही भरला? मी सांगितलं होतं न, गच्च डब्यात काहीच हलत नाही..."

"हाव. तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून तर नाही भरला. मले तुम्ही पायजे, गोपाल. पण तळाशी लपवलेलं नोको."



"शनिवारी येतो," तो म्हणाला. "यंदा दारात नाही उभा राहत... आत येतो."