एका हाताचं एकच चित्र

‘दिगंतर’ यानाच्या स्मृतिशिला किरणोत्साराने झिजत चालल्या होत्या. उरलेल्यांपैकी चित्रकोशाच्या वाट्याला एक कोपरा आला. समितीने नियम केला : एका कलावंताचं एकच चित्र ठेवायचं, त्याचं सर्वांत जुनं. बाकीची आज दुपारी पुसायची.

दामोदरअण्णा पेठकर सकाळपासून डॉ. श्यामल कर्णिकांच्या प्रयोगशाळेत ठाण मांडून होते. त्यांच्याजवळ होतं चित्र एकच. गेल्या वर्षी वारलेल्या बायकोचं, कुमुदचं. तिचे फोटो पहिल्याच झिजेत गेले. मग म्हाताऱ्याने चित्रांच्या भांडारातले तयार सुटे भाग, कुठलं नाक, कुठलं कपाळ, जुळवून तिला उभी केली.

“अण्णा, ही नुसती जुळणी. समिती हिला कला मानायची नाही.”

“तुम्ही खिचडी करता, तेव्हा आधी तांदूळ पेरता काय?”

बाई हसल्या. “माझ्या मताला कोण विचारतो? हे हस्तशोधक यंत्र ठरवील. रेघेत काढणाऱ्याच्या हाताचा कंप राहतो. भाग कापा, रंगवा, तो जात नाही. ज्याचा कंप, चित्र त्याचं. जुळवणाऱ्याला श्रेय नाही.”

“मग लावाच. ते भाग माझेच. पृथ्वीवर भांडाराच्या कारखान्यात तीस वर्षं होतो. काढणारा मी एकटा, बाकी सगळे विकणारे. नाव घालायची मुभा नव्हती. नमुन्याला कुमुदलाच बसवायचो.”

पडद्यावर उमटलं : पेठकर. अण्णा सुखावून उठले. पण यंत्र कोशातली बाकीची चित्रंही तपासत गेलं, आणि तेच नाव उमटत राहिलं. स्वतः रेघ ओढायचा कंटाळा साऱ्यांनाच. कोशातलं प्रत्येक चित्र त्याच भांडारातून जुळवलेलं. बाईंचं पारितोषिकवालंसुद्धा.

“एक्केचाळीस हजार,” बाई हळूच म्हणाल्या. “सगळी तुमची, अण्णा. म्हणजे राहणार एक. सर्वांत जुनं.”

अण्णा घाईने म्हणाले, “लिहून घ्या, मी कलावंत नाही. ती सगळी ज्यांनी जुळवली त्यांची.”

“मग हे कुमुदताईंचं चित्र कुणाचं? कलावंत नाही, तर कोशात जागा नाही.”

अण्णांनी हात जोडले. बाईंनी मान फिरवली. यंत्राला मान नव्हती. त्याने नियमाप्रमाणे पुसायला घेतलं. कुमुदचं कपाळ गेलं, नाक गेलं.

राहिली धुण्याच्या पावडरीची एक जुनाट जाहिरात. नुसती बादली, कडीला लाल चिंधी.

“एवढ्यासाठी सगळा खटाटोप,” बाई पुटपुटल्या. “कुणाची म्हणे ही बादली?”

“आमच्या मोरीतली,” अण्णा पडद्याला बोट लावत म्हणाले. “कडी हाताला रुतायची. चिंधी तिनं बांधली होती.”