नऊ पायऱ्यांची शिडी

निर्वासितांच्या छावणीतला दवाखाना बंद होऊन महिना झाला होता. त्यावर बातमी लिहायची म्हणून दुपारी लर मू आजीच्या झोपडीत गेलो. एकवीस वर्षं मी हेच लिहितोय. नदीपलीकडे आमची गावं जळतात आणि अलीकडे मदत संस्थांचे साहेब लोक ‘निधी नाही’ म्हणून हात झटकतात.

आजीची नात से वा सहा दिवस तापानं पडून होती. डोळे उघडे, पण कुणाला ओळखत नव्हती.

“आलास थरा? लिही,” आजी म्हणाली. थरा म्हणजे मास्तर. लिहिता येणाऱ्या प्रत्येकाला इथं तसंच म्हणतात. “मागं लिहिलंस, तर शिध्यातले तांदूळच कमी झाले.”

“आजी, पोरीला शहरात हलवायला हवं.”

“छावणीच्या फाटकातून बाहेर सोडणार कोण, तू? चूक माझीच आहे. नदी ओलांडली की प्रत्येकाच्या जिवाला नावानं हाक मारायची असते, नाहीतर तो पलीकडेच राहतो. आम्ही ओलांडली तेव्हा गोळ्या सुटत होत्या. हिची हाक राहिली.”

तिनं भाताचा गोळा, केळं आणि पांढरा दोरा मांडला. मग भाताचा डाव घेऊन दारातल्या बांबूच्या शिडीवर ठोकू लागली.

“से वा, घरी ये गं. भात वाढलाय.”

शेजारच्या कोंबड्या गप्प झाल्या. ओल्या बांबूचा वास दाटला. खालची पायरी करकरली. शिडीवर कुणी नव्हतं. मी सवयीनं मोजू लागलो. दोन, तीन… चार.

“आजी, पायऱ्या तर तीनच आहेत…”

“गावच्या घराला नऊ होत्या,” ती पुटपुटली.

नववी करकर थांबली आणि पोर म्हणाली, “भूक लागली.”

जीव पुन्हा निसटू नये म्हणून आजीनं रडत तिच्या मनगटावर दोरा बांधला. तोच खालची पायरी पुन्हा करकरली.

“आणखी कुणाला हाक मारलीत…?”

“कुणालाच नाही रे.”

पुन्हा नऊ. झोपडीत शेतातल्या चिखलाचा वास आला. से वा चटईवर बाजूला सरकली. “आई, बस ना.”

आजी माझ्याकडे बघत राहिली. “हिची आई पिकाच्या राखणीला नदीपलीकडेच राहिलीय. सकाळी फोनवर बोलली माझ्याशी… हसत होती…”

फोन लावू का, असं मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली, दुसरा दोरा तोडला आणि चटईवरच्या मोकळ्या जागेपाशी गुडघे टेकले. दोरा हवेतच गुंडाळून गाठ मारली. हात मागे घेतले.

दोरा खाली पडला नाही.