चार ठोक्यांची पोच

खानदेशातल्या देवपुरात बंदर बांधायला घेतलं म्हटल्यावर लोक हसणारच. झुलाल मास्तरांनी हसू दिलं. पांझरा नदीत गुडघाभर पाणी आलं तरी पुलावर माणसं गाड्या थांबवून बघतात, अशा गावात हा रिटायर्ड स्टेशन मास्तर मागच्या खोलीत सहा फूट बाय तीन फुटांच्या प्लायवूडवर धक्का उभारत होता. गोदामं उभारत होता, आणि धक्क्याच्या अगदी कडेने बोटभर रुंदीचे रूळ टाकत होता. रिटायर झालेली माणसं भजनाला जातात, बागेत चकरा मारतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मास्तरांनी यातलं काहीएक केलं नाही. कुणी विचारलंच तर माझी खोली, माझं फळकूट, तुमचं काय जातं, एवढंच उत्तर मिळायचं.

काम मात्र बघत राहावं असं. इंजिन आणि चार डबे तेवढे मुंबईहून मागवलेले, बाकी सगळं हातचं. क्रेन सायकलच्या तारांच्या. जहाजं बांधायचे खुंट म्हणजे जळगावहून आणलेल्या ठिबकच्या नळीचे तुकडे. गोदामांच्या भिंती पुठ्ठ्याच्या, वर चुन्याचा हात. पोती रवा भरून शिवलेली, एकेक पोतं बोराच्या बीएवढं. समुद्र प्लास्टरचा होता. त्यावर हिरवट करडा रंग आणि वार्निशचे सात हात, प्रत्येक हात दोन दिवस वाळवून मग पुढचा.

हे बंदर मनानं रचलेलं नव्हतं. कोकणातल्या एका बंदरावर मास्तरांचा एकुलता मुलगा कुंदन पोती मोजायच्या नोकरीला होता. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी धक्क्यावर उभे असलेले डबे मोजायला म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही. चपला सापडल्या, वही सापडली, माणूस सापडला नाही. पाण्यानं नेलं, असं सगळे म्हणाले. तुम्ही पाहिलंत का, असं मास्तरांनी एकेकाला समोर उभं करून विचारलं, तेव्हा प्रत्येकानं खाली बघितलं. कुंदनची बायको डिंपल तिथे त्याच्याबरोबर दोन वर्षं राहिलेली. ती सामान घेऊन देवपूरला सासू-सासऱ्यांकडे आली आणि इथल्या एका शाळेत शिकवायला लागली. गळ्यातलं मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं, हे तिला कुणी सांगेना. ‘आबा, मी कोण आहे तेच मला कळत नाही,’ असं ती एकदा मास्तरांना म्हणाली होती.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं, आणि ते रेल्वेचं होतं. इथून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनानं घंटेवर चार ठोके देऊन कळवायचं, गाडी पोचली. आपण तेच चार ठोके परत द्यायचे. ती पोच. पोच दिली की विषय मिटला आणि रूळ मोकळा. तोपर्यंत गाडी वाटेत आहे असंच धरायचं. वादळ येवो, रात्र होवो, साहेब येऊन टेबलावर मूठ आपटो. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पोरगा निघाला एवढं मला माहीत आहे, पोचल्याचं मला कुणी कळवलेलं नाही, मग तो वाटेत आहे. यापुढे ते एक अक्षर ऐकून घेत नसत.

त्यांच्या बायकोचा, भिकुबाईचा, धीर मात्र सुटला होता. सहा वर्षं रोज दार उघडं ठेवून बसायचं म्हणजे काही थोडं नाही. तिचा भाऊ रुपचंद जळगावहून आला आणि त्यानं विषय काढला. देह मिळाला नसेल तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग गेलेला सुटतो, आणि मागे राहिलेलेही सुटतात. येत्या गुरुवारी अमावस्या होती. अग्नी बापानंच द्यायचा होता. मास्तर म्हणाले, पानं खुशाल बांधा, काडी मी लावणार नाही. भिकुबाई त्या दिवशी जेवली नाही, पण तिनं भावाला थांबवलंही नाही.

खोलीत पहिल्यांदा आला तो वास. खारट, कुजकट, ओल्या दोराचा. मास्तरांनी उंदीर मेला असेल म्हणून कपाट ओढलं, माळा उपसला, काही सापडलं नाही. डिंपल चहा घेऊन आली, दारातच थबकली, कप ठेवून निघून गेली. मग गोदामांच्या भिंतींवर पांढरी रेघ उमटली, धक्क्याच्या वर जेमतेम दोन सूत. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मास्तरांनी बोट लावून चाखलं. मीठ होतं. त्यांनी प्लास्टरला दोष दिला, नळाच्या पाण्याला दिला, दुकानदाराला तर मनसोक्त दिला, आणि वार्निशचा आठवा हात मारला.

सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांनी त्या समुद्राला बोट लावलं आणि बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

प्लायवूड एक इंचाचं. खाली त्यांचे स्वतःचे गुडघे. वाकून पाहिलं, तर फळकुटाची खालची बाजू ठणठणीत कोरडी. दुसरा कुणी असता तर ओरडत बाहेर पळाला असता. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, रजिस्टर ओढलं आणि वेळ लिहिली. दुपारपर्यंत पाणी उतरलं आणि त्या जागी पुन्हा टणक वार्निश झालं. मंगळवारी ते सव्वादहाला भरलं. बुधवारी अकराला. रोज पाऊण तास लेट, अगदी नेमानं. उशीर करण्यात इतकी शिस्त पाळणारी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘अज्ञात’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्याच दिवशी डिंपलनं ते पान पाहिलं आणि स्टूल ओढून बसली. “आबा, हे लेट नाही. ही भरती आहे. ती रोज अशीच पुढे सरकते.”

सगळा जन्म खानदेशात काढलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार! तिनं मोबाइल काढला आणि त्या बंदराच्या भरतीच्या वेळा शोधून समोर धरल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही जुळत होत्या.

दोघं बघत असतानाच घंटा वाजली.

ही घंटा पितळेची, जुन्या रेल्वेतली, मास्तरांनी एका भंगारवाल्याकडून आणलेली. धक्क्याच्या टोकाला शोभेसाठी म्हणून त्यांनी ती बसवली होती. उत्तर द्यायचं बटण त्यांच्या बाजूला होतं. पलीकडे जायची तार कुठेच जात नव्हती. तिचं वेटोळं करून टेबलाखाली खिळ्याला अडकवलेलं होतं. तीन ठोके पाठोपाठ पडले. मग थोडी उसंत, आणि चौथा.

मास्तरांचा हात उठला. चौतीस वर्षांची सवय, ती काय विचारून उठते? बोट बटणाच्या केसभर वर थांबलं. मग त्यांनी तो हात काखेत घट्ट दाबून धरला.

हात तसाच धरून त्यांनी डिंपलला सांगितलं. कुंदन आठ वर्षांचा असताना ते एका छोट्या स्टेशनवर होते. पोरगा क्वार्टरमध्ये आईच्या ताटावर चमच्यानं घंटेचे ठोके वाजवायचा. चौथा ठोका द्यायच्या आधी मान वर करून बापाच्या तोंडाकडे बघायचा, बरोबर येतंय ना म्हणून. त्यामुळे त्याचा चौथा नेहमी उशिरा पडायचा.

डिंपल रडली. सहा वर्षांत ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. “तो सांगतोय, आबा. पोचलो म्हणतोय. पोच द्या त्याला, सुटू द्या.”

“कुठे पोचला?” मास्तर म्हणाले. “ज्या स्टेशनाचं नाव मला ठाऊक नाही, त्या स्टेशनाला मी पोच देत नाही.”

गुरुवारी सकाळपासून पुढच्या खोलीत चटईवर पळसाचा माणूस बांधून तयार होता, साडेपाच फुटांचा, लोकरीच्या धाग्यानं गुंडाळलेला. गुरुजी आले. चार नातेवाईक भिंतीला टेकून बसले. मास्तर मागच्या खोलीत होते. पावणेबाराला धक्क्याच्या काठाला पाणी लागलं आणि रुपचंद त्यांना घ्यायला आत आला.

“दाजी, चला. सगळे खोळंबलेत.”

घंटा वाजली. तीन, आणि एक.

रुपचंदनं टेबलाखाली पाहिलं, तारेचं वेटोळं पाहिलं, आणि तो भिंतीला चिकटला. घंटा पुन्हा वाजली. पुढच्या खोलीतला मंत्र मध्येच थांबला.

भिकुबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिसऱ्यांदा ठोके पडले तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते ताट तिचं होतं.

“हाऊ मना पोर्‍या शे,” ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. आता ही म्हणणार, द्या पोच. हिला हेच तर हवं होतं. पुतळा हिनं बांधू दिला, अमावस्या हिनं ठरू दिली. त्यांचा हात उठलेलाच होता, आणि ती म्हणाली असती तर तो थांबला नसता, हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

भिकुबाई आत आली. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवलं.

“हात खाले ठेवा,” ती म्हणाली. “पोच देवानी नही.” पोच द्यायची नाही, असं हीच म्हणत होती.

घंटा आणखी दोनदा वाजून थांबली.

पाणी साडेबारापर्यंत उतरायला लागायला हवं होतं. एक वाजला. दोन वाजले. ते धक्क्याच्या काठाशी तसंच उभं होतं, काठोकाठ, गच्च. बाहेर गुरुजींनी सामान आवरलं. रुपचंद त्यांना सोडायला गेला तो परत आला नाही. पुतळ्याला कुणी हात लावला नाही.

डिंपलनं बंदरावरच्या जुन्या शेजारणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काय गं, भरती कशी आहे, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. पलीकडे शेजारीण दबक्या आवाजात बोलत होती. पाणी उतरलंच नाही, म्हणाली. दुपारपासून तसंच आहे. होड्या जिथल्या तिथे. म्हातारे कोळी धक्क्यावर येऊन उभे राहिलेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

“उभं राहू दे,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा होता, सहा वर्षांत नव्हता इतका. “सिग्नल माझा आहे. पोच नाही तोवर रूळ मोकळा नाही. त्या समुद्राला म्हणावं, माझा पोरगा दे, मग जा.”

शेजारणीला ते ऐकू गेलं नसावं. ती म्हणत होती, थांब, थांब गं, आता चढायला लागलंय. धक्क्यावर आलं. मग फोन कट झाला.

डिंपलनं मास्तरांकडे पाहिलं.

“चढू दे,” ते म्हणाले.

घंटेचे तीन ठोके पडले. चौथा पडला नाही. तिघंही वाट बघत राहिली.

भिकुबाईनं मनगट सोडलं नाही. फक्त दोन्ही पाय फरशीवरून उचलून तिनं खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि एका हातानं लुगड्याचा भिजलेला काठ पिळला.